बिननावाची ओळ

पानावर चार मथळे झाले की अनुक्रमणिका आपोआप उगवते. तीनच असले तर उगवत नाही. विकी बनवणाऱ्यांनी हा नियम सोयीसाठीच केला असणार. तीन मथळ्यांचे पान ते केवढे, त्याला अनुक्रमणिका हवी कशाला? जगातल्या बहुतेक पानांच्या बाबतीत हे खरेही असेल. पण शहराला पाणी पुरवणाऱ्या त्या केंद्रात, झडपघराच्या भिंतीवरच्या पडद्यावर, याच नियमाने एका मंगळवारी सकाळी तीन माणसे जवळजवळ बुडवली होती.

तो पडदा ज्याच्या ताब्यात होता, त्याला सगळे मजकूर म्हणत. खरे नाव हजेरीपटावर होते आणि तिथेच राहिले होते. वय सव्वीस, अंगाने काटकुळा, आणि बोलण्याआधी प्रत्येक वाक्य मनातल्या मनात दोनदा लिहून पाहण्याची सवय. त्यामुळे त्याचे वाक्य तयार होईपर्यंत समोरचा बहुधा निघून गेलेला असे. कुठली झडप किती वेढ्यांत उघडते, कुठल्या टाकीची शिडी कितव्या पायरीला गंजली आहे, ही सारी माहिती जाड वह्यांतून विकीवर आणणे हे त्याचे काम. विकी म्हणजे केंद्रातल्या सर्व संगणकांवर दिसणारी अशी पाने, की जी कोणीही उघडावीत आणि कोणीही दुरुस्त करावीत. माणसांपेक्षा पानांशी त्याचे बरे जमे. पाने त्याच्या वाक्याची वाट पाहत.

केंद्रात एक रीत फार जुनी होती. जमिनीखालच्या चार टाक्या दर वर्षी आळीपाळीने रिकाम्या करून धुवायच्या. उतरणाऱ्या प्रत्येकाने आपले नाव आपल्या हाताने वहीत लिहायचे आणि वर आल्यावर आपल्याच हाताने खोडायचे. ज्याचे त्यानेच लिहायचे, ज्याचे त्यानेच खोडायचे. दुसऱ्याने हात लावायचा नाही. पानावरचे शेवटचे नाव खोडले गेले की मगच झडपेचे चाक फिरवून टाकीत पाणी सोडायचे. ही वही विकीवर आणताना मजकूरने प्रत्येक माणसाला एक मथळा दिला. मथळ्याखाली त्याची शिडी, त्याचा दोर, त्याची उतरण्याची वेळ. वर आलेला माणूस आपला मथळा पुसून टाकी. चाकावर बसणाऱ्या मामांची नजर आता अधू झाली होती. बारीक अक्षर त्यांना दिसत नसे. ते फक्त अनुक्रमणिका पाहत. तीत नावे आहेत तोवर चाकाला हात नाही. नावे गेली की चाक.

त्या मंगळवारी सातजण उतरले होते. चौघे वर आले, चौघांनी आपापले मथळे पुसले. तीन उरले, आणि नियमाप्रमाणे अनुक्रमणिका पडद्यावरून नाहीशी झाली.

मामांनी चाकाचे चार वेढे फिरवले तेव्हा खालून आरडाओरड ऐकू आली. पाणी घोट्यांपर्यंतच चढले होते. सर्वांत शेवटी जो वर आला तो टोळीचा मुकादम, म्हणजे मजकूरच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बूट उपडा करून पाणी ओतत तो म्हणाला, "मामा, पाय धुवायचे होते तर बादली मागवली असती की. अख्खी नदी कशाला?"

सगळे हसले. मामा हसले नाहीत. मजकूरला तर हसण्यासाठी तोंड कसे उघडतात हेच आठवेना.

आईवडील गेल्यापासून तो ताईच्याच घरी राहत होता. नोकरीही भाऊजींनीच शब्द टाकून मिळवून दिलेली. त्या संध्याकाळी ताईने नवऱ्याचे बूट खिडकीत वाळत ठेवले, त्यांच्या तोंडात कागदाचे बोळे कोंबले आणि भावाकडे न पाहता म्हणाली, "मला तुमच्या त्या पानांमधलं काही कळत नाही. एवढंच कळतं, की माझा सगळा संसार तुझ्या त्या यादीवर टांगलेला आहे."

"परत असं होणार नाही, ताई."

"नको होऊ देऊस." एवढे बोलून ती आत गेली. ती ओरडली असती तर बरे झाले असते, असे त्याला वाटले.

त्या रात्री त्याने मनाशी जे ठरवले, ते ठरवताना त्याला एकही वाक्य दोनदा लिहावे लागले नाही.

पुढचे पंधरा दिवस त्याने अनुक्रमणिकेखेरीज कशाकडे पाहिले नाही. पानाच्या डोक्यावर एक ठरावीक शब्द टाकला की मथळा एकच असला, तरी अनुक्रमणिका दाखवावीच लागते. तो शब्द त्याने टाकला. तिची जागा ठरवली: पडद्याच्या मधोमध, ठळक चौकटीत. अक्षरे वीतभर केली, मामांना दाराबाहेरूनही दिसतील अशी. मथळ्याखालचे उपमथळे दोरशिडीचा तपशील सांगत. ते यादीत आले तर गोंधळ नको, म्हणून फक्त पहिलीच पातळी दिसेल अशी मर्यादा घातली. यादी मिटवून ठेवणारे बटण काढून टाकले. आणि एकही मथळा नसला तरी निदान कोरी चौकट दिसत राहील, अशी व्यवस्था केली. कोरी चौकट म्हणजे आत कोणी नाही. शंभर वेळा खोटी नावे घालून, पुसून पाहिले. शंभर वेळा चौकट चोख निघाली.

"मजकूरशेठ," भाऊजी म्हणाले, "लग्नाच्या नोंदवहीत सही केली तेव्हा वाटलं, आता सुटलो. तुझ्या पायी रोज लिहा, रोज पुसा."

"रोज पुसा म्हणजे झालं," तो म्हणाला. भाऊजींनी त्याच्याकडे जरा चमकून पाहिले, आणि पाठीवर थाप मारली.

त्या मंगळवारी अर्धवट राहिलेली पहिली टाकी पुन्हा धुतली, तेव्हा सारे सुरळीत झाले. म्हणजे, जवळजवळ सारे. शेवटच्या माणसाने आपला मथळा पुसला आणि चौकट कोरी व्हायच्या ऐवजी तीत 'एक' हा आकडा उरला. आकड्यापुढे नाव नव्हते. एक श्वास घ्यावा इतका वेळ तो राहिला आणि गेला. पडद्याला जुनी प्रत झटकायला वेळ लागला असेल, असे मजकूरने स्वतःला सांगितले. असे होते.

दुसऱ्या टाकीच्या वेळी तो आकडा बारा मिनिटे राहिला.

मामा चाकाजवळ हाताची घडी घालून उभे. मजकूरने पान संपादनासाठी उघडले. आत एकही अक्षर नव्हते. पानाचा इतिहास पाहिला. कोणी, केव्हा, काय लिहिले आणि पुसले याची तिथे मिनिटावार नोंद असते. उतरलेले सहा, लिहिलेले सहा, पुसलेले सहा. दुसऱ्या संगणकावर पाहिले. तिथेही चौकटीत तोच आकडा, एकटा, डाव्या कडेला चिकटून. जागा मात्र पुरेपूर सोडलेली, जणू पुढे नाव आहे आणि ते फक्त वाचता येत नाही.

"अक्षर लहान झालंय का रे?" मामांनी विचारले.

"नाही, मामा. अक्षरच नाही."

"मग आकडा कुणाचा?"

कोऱ्या मथळ्याला अनुक्रमणिकेत जागा मिळत नाही. मथळ्याशिवाय अनुक्रमणिकेत ओळ येत नाही. ती स्वतःचे असे काही सांगूच शकत नाही. पानावर जे आहे तेवढेच ती मोजते. हे त्याला आपल्या नावाइतके पक्के ठाऊक होते, आणि बाराव्या मिनिटाला आकडा गेला तेव्हाही ते तितकेच पक्के राहिले. बदलले ते एवढेच, की त्या दिवसापासून तो जेवताना पाठ दाराकडे करून बसेनासा झाला.

तिसऱ्या टाकीच्या वेळी आकडा पाऊण तास राहिला, आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ आली. उपमथळ्याची; जी पातळी त्याने बंद केली होती तिच्यातली. तिथे अक्षरे होती.

१.१ दोर नाही

भाऊजींनी ती मोठ्याने वाचली. टोळीतला कोणीतरी खिदळला, "कोण रे हा बेशिस्त? दोर न बांधता उतरलाय!" सगळे मिळून पुन्हा टाकीच्या तोंडाशी गेले, दिवे खाली सोडले. ओल्या विटा, कोपऱ्यातला उरलेला गाळ, खांबांच्या सावल्या. टाकी रिकामी होती.

घरी त्याने ताईला काही सांगितले नाही. भाऊजींनी सांगितले, विनोद म्हणून. ताई हसली नाही. तिने भावाला एकट्याला गाठले. "चौथी टाकी कधी आहे?"

"गुरुवारी."

"ती सगळ्यात जुनी ना?"

"हो."

"तू तिथं असशील?"

"ताई, यादीत एक जरी ओळ असेल ना, तर मी चाक फिरू देणार नाही. कुणीही सांगू दे."

चौथी टाकी केंद्राच्याही आधीची होती. तिच्यावर केंद्र बांधले गेले होते, असे म्हणणे अधिक बरोबर. तिचा नकाशा वह्यांत नव्हता. तिच्या कमानी कोणी बांधल्या, हे सांगणारा कागद नव्हता. गुरुवारी सकाळी लख्ख ऊन होते. झडपघराच्या उंच खिडक्यांतून उन्हाचे पट्टे फरशीवर पडले होते आणि त्यांत धूळ सावकाश तरंगत होती. पाचजण उतरले. मुकादमाने आपला मथळा लिहिला, 'मुकादम', आणि जाता जाता मजकूरच्या डोक्यावर टपली मारली.

दीड वाजेपर्यंत पाचही जण वर आले होते. पाचांनी पाच मथळे पुसले. खालच्या दिव्यांची माळ गुंडाळून वर ओढण्यात आली.

चौकटीत आकडा होता.

दोन वाजले. अडीच वाजले. अभियंता मॅडम आल्या. त्या समजूतदार बाई होत्या. आवाज चढवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी पान पाहिले, इतिहास पाहिला, टाकीत दिवा सोडून स्वतः वाकून पाहिले. मग मजकूरजवळ येऊन खुर्ची ओढून बसल्या.

"चार वाजता उंचावरची टाकी आटेल. रुग्णालयाचं पाणी तिच्यावर आहे. तुला कळतंय ना?"

"कळतंय, मॅडम."

"पान बिघडलंय. अनुक्रमणिका लपवायचाही एक शब्द असतो ना? पानाच्या डोक्यावर टाकला की ती दिसत नाही."

"असतो."

"मग टाक."

त्याने मान हलवली. "तो शब्द मला माहीत आहे. मी तो टाकणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच त्याचे वाक्य समोरचा निघून जायच्या आत संपले होते. मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. जिच्याशिवाय चाक फिरत नाही ती खीळ मामांनी मुठीत घट्ट धरली. बाजू कोणाची, ते न बोलता कळले.

अनुक्रमणिकेतल्या ओळीवर बोट ठेवले की पान त्या मथळ्यापाशी जाते. इतक्या दिवसांत मजकूरने हे एकदाही केले नव्हते. आता केले. पान खाली सरकू लागले. कोरे पान; त्याला सरकायला जागाच नव्हती. तरी ते सरकत राहिले, पांढरे, आवाज न करता. कडेची सरकपट्टी बारीक बारीक होत केसाएवढी झाली. पान खालीच जात होते. त्याने बोट उचलले आणि पडद्याकडे पाठ केली.

"पुरे झालं," भाऊजी म्हणाले. ते उठून कमरेला दोर बांधू लागले. "मी एकदा खाली जाऊन येतो. चारही कोपरे बघतो. माझ्या डोळ्यांनी बघितल्यावर तरी हा मुलगा ऐकेल. नाही का रे?"

"भाऊजी, नको."

"मग रुग्णालयाला काय सांगू? मजकूरला आकडा दिसतोय म्हणून?"

त्याने कळफलक भाऊजींपुढे सरकवला. मग म्हणाला, "मथळा लिहा आधी."

"अरे, दहा मिनिटांचं काम—"

"लिहा. तुमच्या हातानं."

भाऊजींनी हात जोडण्याचा आव आणला आणि लिहिले. चौकटीत दोन ओळी झाल्या. पहिली बिननावाची. दुसरी, 'मुकादम'.

ते टॉर्च घेऊन उतरले. दोराचे टोक मजकूरच्या हातात होते. पावलांचा आवाज शिडीवरून खाली गेला, मग तळाच्या पाण्यातून चपचपत दूर जाऊ लागला. भाऊजी काहीतरी गुणगुणत होते. गुणगुणणे लांबच्या कोपऱ्यात पोचले आणि थांबले.

दोर सैल पडला.

"भाऊजी?"

खालून त्याचाच आवाज परत आला, जरा उशिराने.

मजकूर शिडीवर पाय टाकणार, तेवढ्यात दोर पुन्हा ताणला गेला आणि पायऱ्या वाजू लागल्या. मुकादम वर आला. घड्याळात अकरा मिनिटे झाली होती.

तो खिडकीच्या उन्हात उभा राहिला. डोळ्यांवर आडवा हात धरून त्या पट्ट्यांकडे बराच वेळ पाहत होता.

"काय मुकादम, कोण भेटलं का?" मामांनी विचारले.

"फार वेळ लावलात," तो हळू आवाजात म्हणाला.

"आम्ही?" मॅडम जराशा हसल्या. "बरं, कोणी नाही ना? मग नाव पुसा आणि मोकळे व्हा."

तो पडद्यासमोर आला आणि थांबला. तळहात काचेवर ठेवला, भिंतीवर ठेवावा तसा. पुसायचे कसे, हे त्याला सुचत नव्हते. दमला असेल, मजकूरने स्वतःला सांगितले. त्याने मुकादमाचे मनगट धरले आणि बोट योग्य जागी नेले. मनगट गार होते. पाण्यातून आलेल्या माणसाचे असते, तसे गार.

मथळा पुसला गेला. एक ओळ गेली, बिननावाची.

एक राहिली.

१ मुकादम

मजकूरने पान संपादनासाठी उघडले. आत एकही अक्षर नव्हते. ज्याचे त्यानेच खोडायचे. खोडणाऱ्याने आपले खोडले होते.

"बिघडलंय," मॅडम म्हणाल्या, पण त्यांचा आवाज आता तितका ठाम नव्हता. "हे तर इथं उभे आहेत ना, सगळ्यांसमोर. साडेतीन झाले. मामा, चाक फिरवा."

मामांनी मजकूरकडे पाहिले.

तो घाबरला होता. पण भीती आणि निश्चय यांची जागा माणसाच्या अंगात वेगवेगळी असते, हेही त्याला तेव्हाच कळले. त्याने कळफलक पुढे ओढला आणि आयुष्यात प्रथमच त्या पानावर स्वतःचा मथळा लिहिला.

१ मुकादम
२ मजकूर

"तू कशाला?" मॅडम म्हणाल्या.

"यादीत ओळ आहे," तो म्हणाला. "मी आणायला जातोय."

मामांनी चाकाची खीळ उपसून खिशात घातली आणि खिशावर हात ठेवला. "जा बाळा. ही चौकट कोरी होत नाही तोवर चाक हलायचं नाही. शहर तहानेनं मेलं तरी."

मुकादमाच्या कमरेचा दोर सोडून मजकूरने स्वतःच्या कमरेला बांधला. गाठ दोनदा तपासली. टाकीच्या तोंडाशी बसून एक पाय शिडीवर टाकला. खाली काळोख होता. त्यात खूप लांबून, कोणीतरी गुणगुणल्यासारखे काही येत होते, किंवा पाणी ठिबकत होते.

"भाऊजी," तो वर न पाहता म्हणाला. तोंडाला तीच सवय होती. त्याने हात पुढे केला. "टॉर्च द्या."

टॉर्च आली नाही. त्याने वर पाहिले.

तो माणूस हातातल्या उजेडाकडे टक लावून पाहत होता. मग त्याने टॉर्च तोंडाजवळ नेली, दुसऱ्या हाताचा आडोसा धरला आणि फुंकर मारली.

उजेड गेला नाही. त्याने आणखी एकदा, थोडी जोरात, फुंकर मारली.